शुक्रवारच्या शास्त्राभ्यासाची आठवण

सर्वांना सलाम. शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजता शास्त्राभ्यास आहे. विषय खरेपणा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 5:1-11 वाचून या, म्हणजे जमीन विकून पैसे प्रेषितांकडे आणणारे नवरा-बायको, हनन्या आणि सप्पीरा. जमिनीच्या पैशातले काही मागे ठेवले हा त्यांचा गुन्हा नव्हता. जमीन तुझीच होती, पैसेही तुझ्याच हाती होते, असं प्रेषित पेत्र हनन्याला चौथ्या वचनात सांगतो. थोडे देऊन सगळे दिल्याचं भासवलं, तिथे घात झाला. वेळ उरला तर लूक 19 मधला, फसवून घेतलेलं चौपट परत करणारा जकातदार जक्कय घेऊ.

जाता जाता: कापणीच्या सणाच्या लिलावात पपई 300 रुपयांना गेली, वहीत 200 पडलेत. चूक माझीच, दुरुस्त केली आहे. वही शुक्रवारी टेबलावर असेल, ज्याने त्याने आपली नोंद बघावी.

– चिटणीस