मोठे बिट हातातल्या मशीनला लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रंधा आणि पटाशी यांच्या जोडीला आता बहुतेक सुतारांकडे ट्रिमर किंवा राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा कोरणारे मशीन असते, आणि त्यात फिरणारे मोठ्या व्यासाचे पाते, म्हणजे बिटही हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. ते कोणत्या मशीनला लावावे आणि कोणत्या मशीनला लावूच नये, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या कारखान्यात एका तरुण कारागिराची बोटे थोडक्यात बचावली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सागवानी दरवाजाच्या फळीच्या कडेला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा गोलवा काढायचा होता. त्यासाठी मी आणलेले बिट 38 मिलिमीटर व्यासाचे होते आणि त्याची दांडी दोन सुती, म्हणजे पाव इंचाची होती. ‘‘कोलेटमध्ये बसतंय ना, मग चालतं,’’ असे दुकानदाराने सांगितले आणि मीही ते मान्य केले. कोलेट म्हणजे बिटाची दांडी पकडणारा मशीनचा जबडा. बिट ट्रिमरच्या बेसच्या भोकातून जाईना, तेव्हा आम्ही ते भोक कानशीने मोठे केले. खरे तर तिथेच थांबायला हवे होते, कारण जे बिट बेसमधून जात नाही ते त्या मशीनसाठी नाही, हे मशीन बनवणाऱ्यानेच त्या भोकाच्या मापाने सांगून ठेवलेले असते. फळीच्या टोकाला लाकडाच्या आडव्या रेषांवर पोहोचताच मशीनने असा झटका दिला की ते हातातून निसटले, लाकडाची वीतभर कपची उडाली आणि मशीन फरशीवर आदळले. नंतर पाहिले तर दांडी वाकलेली होती आणि तिच्यावर घासल्याच्या चकचकीत वळ्या उठल्या होत्या. म्हणजे बिट आधीपासूनच कोलेटमध्ये सरकत होते आणि दांडी जेमतेम बोटाच्या पेराएवढीच आत होती.

यामागचे गणित प्रत्येक कारागिराला ठाऊक असायला हवे. मिनिटाला 30,000 फेरे घेणाऱ्या ट्रिमरमध्ये 12 मिलिमीटरच्या बिटाची धार ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगाने फिरते, तर त्याच मशीनमध्ये 38 मिलिमीटरच्या बिटाची धार ताशी 215 किलोमीटरपर्यंत पोहोचते. मशीन तेच आणि फेरेही तेवढेच, पण व्यास वाढला की धारेचा वेग त्याच पटीत वाढतो. म्हणून साधारणपणे 25 मिलिमीटरच्या पुढे 18,000 आणि 50 मिलिमीटरच्या पुढे 16,000 फेऱ्यांच्या वर जाऊ नये. दांडीवर याहून कमी आकडा कोरलेला असेल तर तोच अखेरचा मानावा. ज्या ट्रिमरला वेग कमी करण्याची चकतीच नाही, त्याला मोठे बिट लावण्याचा प्रश्नच येत नाही. दरवाजाच्या पॅनलला उतार देणारी 80 मिलिमीटरच्या आसपासची बिटे तर टेबलाखाली पक्के बसवलेल्या, वेग 12,000 किंवा त्याहून खाली आणता येणाऱ्या मोठ्या राउटरलाच लावावीत, हातातल्या मशीनला कधीही लावू नयेत.

दांडीची जाडीही तेवढीच महत्त्वाची आहे. चार सुती दांडी दोन सुतीच्या दुप्पट जाड दिसते, पण वाकण्याला ती सोळापट विरोध करते. मोठे बिट घ्यायचे तर चार सुती दांडीचेच घ्यावे, निदान तीन चतुर्थांश दांडी कोलेटमध्ये जाईल असे बसवावे, आणि तळाला टेकल्यावर दोन-तीन मिलिमीटर वर ओढून मग पाना आवळावा. तळाला टेकलेले बिट घट्ट वाटते, पण कोलेट त्याला नीट पकडत नाही. हे सगळे करताना प्लग काढलेला असावा.

पूर्ण गोलवा एका दमात काढण्याचा मोह टाळावा. दर खेपेला दोन-तीन मिलिमीटरच उतरावे, फळी क्लँपने जखडावी, दोन्ही हात मुठींवर ठेवावेत आणि मशीन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला भिडवावे. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने मशीन काट्यांच्या उलट दिशेने न्यावे. कड आपल्यासमोर असेल तर डावीकडून उजवीकडे. दिशा चुकली की बिट लाकडावर चढून पळू लागते, आणि मोठे बिट असेल तर ते हाताला आवरत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, पण हातमोजे नकोत, कारण फिरत्या बिटात मोजा अडकला तर तो हातालाही ओढून नेतो.

युरोपातील ईएन 847-1 या मानकानुसार अशा कटरवर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरावा लागतो. आपल्याकडच्या दुकानदारांनी निदान आकडा नसलेली मोठी बिटे ठेवू नयेत आणि पाकिटावर कमाल फेरे व ‘फक्त टेबलासाठी’ ही सूचना मराठीत चिकटवावी. आयटीआयमधील सुतारकामाच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, मुलांच्या हाती राउटर देण्यापूर्वी व्यास आणि वेगाचे हे गणित त्यांच्याकडून फळ्यावर एकदा सोडवून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक सुतार, सांगली