कोंबडी कापायची कात्री: चमक नको, खिळा बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आषाढ उतरणीला लागला की जळगाव-धुळ्यापासून शहादा-तळोद्यापर्यंत चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात. श्रावणाआधीची घाई असते आणि घाईतला सत्तूर सांधा बघत नाही. ओंडक्यावर कोंबडी ठेवायची, घाव पडेल तिथे तुकडा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची, तिचं हाड कोवळं. पण ते सत्तुराखाली चिरत नाही, फुटतं. मांडीच्या आणि तंगडीच्या नळीच्या उभ्या किरचा निघतात. एखाद्या पातळ, फिक्या रश्श्यात त्या दिसल्या तरी असत्या. आपला रस्सा भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा, काळ्या मसाल्याचा, वर तर्री. त्यात दिसत काही नाही, लागतं ते थेट घशाला. लहान मुलं आणि कवळी लावणारी म्हातारी माणसं यांच्यासाठी हे खरंच धोक्याचं आहे.

म्हणून दुकानातून अख्खी साफ कोंबडी आणायची आणि घरी कात्रीने कापायची, हा मार्ग बरेच जण धरू लागले आहेत. मार्ग बरोबर आहे. चूक होते ती दोन ठिकाणी: कात्री घेताना, आणि कात्री म्हणजे हातातला छोटा सत्तूर असं धरून चालताना. कात्रीचं काम तीन गोष्टींपुरतं आहे: कातडी, कूर्चा (लवचीक मऊ हाड) आणि बरगडीसारखं चपटं पातळ हाड. मांडीची नळी कात्रीने तोडायची नसते. तिथे सांधा शोधायचा असतो. एवढं कळलं तर हलक्यातली कात्रीही पाच वर्षं टिकते, नाही तर भारीतली एका आखाडात ढिली होते.

आधी खरेदीबद्दल. जुन्या घरांत अडकित्ता असतो, तो हातात घेऊन बघा. दोन पाती जोडणाऱ्या खिळ्याला सुपारी जितकी जवळ, तितका हाताला जोर कमी. कात्रीचं गणित तेच. मुठीवर जोर पडतो ती जागा खिळ्यापासून १२ सेंटिमीटरवर असेल आणि हाड ३ सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर चौपट होऊन हाडावर पडतो. तेच हाड पात्याच्या टोकाशी, ९ सेंटिमीटरवर धरलं तर जेमतेम सव्वा-दीडपट. कोंबडीच्या कात्रीची पाती आखूड आणि मुठी लांब असतात त्या याचसाठी. शिंप्याच्या कातरीचं उलटं असतं, पाती लांब. तिने कोंबडी कापायला गेलं की मनगट दुखतं आणि पात्यांत फट पडते ती वेगळीच. एकूण लांबी २४-२५ सेंटिमीटर घरच्या कामाला पुरे.

एका पात्यावर खिळ्याजवळ अर्धगोल खाच असते. पुष्कळांना ती बाटलीचं झाकण उघडायची वाटते. ती हाड पकडायची जागा आहे. ओलं, गोल हाड सरळ पात्यांतून पुढे निसटतं, खाचेत बसलं की अडकून राहतं. दोहोंपैकी एक पातं बारीक दातेरी असावं, तेही याच कारणासाठी: कातडी आणि चरबी घसरू नये. दोन्ही पाती गुळगुळीत असली तर कातडी कापली न जाता पात्यांमध्ये दुमडते. दुकानात हे तपासायला कोंबडी नसते. पाण्यात भिजवलेला सुती रुमाल चार पदरी करून टोकापासून खिळ्यापर्यंत कापून बघा. कुठेही तो चावला गेला, दुमडला, तर ती कात्री ठेवून द्या.

खिळा हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि त्याकडेच कोणी बघत नाही. ठोकून बसवलेला पक्का खिळा असेल तर आतला रक्ता-चरबीचा थर कधीच निघत नाही आणि ढिला झाला तर आवळता येत नाही. स्क्रूचा खिळा आवळता येतो. सगळ्यांत उत्तम म्हणजे पूर्ण उघडल्यावर दोन पाती वेगळी होणारी कात्री. धुण्यासाठी तिला तोड नाही. मात्र अशी कात्री कापताना फार फाकवली तर भलत्या वेळी सुटते, म्हणून किती कोनात सुटते ते विकत घेतानाच बघा. काटकोनाच्या बऱ्याच पुढे गेल्यावर सुटणारी चांगली. खिळ्याचा ताण असा तपासायचा: कात्री काटकोनात उघडा, एक मूठ धरून दुसरी सोडा. सुटलेलं पातं थोडं उतरून अर्ध्यावर थांबलं तर ताण बरोबर. धपकन मिटलं तर ढिला, जागचं हललंच नाही तर जास्त आवळलेला. ही परीक्षा स्प्रिंग नसलेल्या कात्रीची. स्प्रिंगवाल्या कात्रीत पाती मिटून उजेडासमोर धरा आणि मुठी आडव्या हलवून बघा; पाती एकमेकांपासून सुटून डुगडुगायला नकोत.

स्प्रिंगमुळे हात कमी थकतो हे खरं. पण गुंडाळीची उघडी स्प्रिंग चरबी धरून ठेवते, म्हणून ती काढता येणारी असावी. मिटल्यावर अडकवायचा खटका अंगठ्याने सहज निघेल अशा जागी हवा.

पोलादाबद्दल दुकानदार 'प्युअर स्टील' म्हणून सांगतात. भांड्यांचं ३०४ पोलाद गंजत नाही, पण तापवून-विझवून कडक करता येत नाही, त्यामुळे धार धरत नाही. कात्रीला ४२० च्या जातीचं, जास्त कार्बनचं पोलाद लागतं. ते थोडं गंजू शकतं, पण धार टिकवतं. खिशात लहान चुंबक न्या. पात्याला ते अजिबात चिकटलं नाही तर ती कात्री नको. चिकटलं म्हणजे उत्तमच, असंही नाही. हलक्या पोलादालाही चुंबक चिकटतं. जत्रेतल्या आणि बाजारच्या ढिगातल्या कात्र्यांत पात्यावर चमक भरपूर असते आणि प्लॅस्टिकच्या मुठीत पोलादाचा दांडा जेमतेम इंचभर गेलेला असतो. पहिल्याच पाठीच्या हाडाला मूठ हातात येते. दांडा मुठीच्या टोकापर्यंत गेलेला हवा.

एक इशारा शेतकरी घरांसाठी. डाळिंबाच्या, लिंबाच्या छाटणीचा सिकेटर कोंबडीला छान चालतो असं हमखास ऐकू येतं. जोराच्या हिशोबाने चालतो, हे कबूल. पण त्याच्या खिळ्यात ग्रीस असतं, आणि पात्यांवर फवारणीची औषधं, मोरचूद यांचा अंश असतो. धुऊन तो पूर्ण जात नाही. शेतातला सिकेटर शेतातच राहू द्या.

आता कापणं. साफ केलेली १२०० ते १५०० ग्रॅमची कोंबडी घ्या. ती गार हवी, फ्रिजमध्ये तासभर ठेवलेली, म्हणजे चरबी घट्ट होते आणि पातं सरकत नाही. गोठलेली मात्र कधीही नको. बर्फाळ मांसात पाती वाकतात आणि खिळ्याचा ताण कायमचा जातो. कोंबडी कपड्याने कोरडी पुसा, स्वतःचे हातही. पाटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो हलणार नाही.

छाती खाली, पाठ वर, शेपटीचं टोक आपल्याकडे. शेपटीच्या वर दोन पिवळसर गाठी असतात, ती तेलाची ग्रंथी. ती राहिली तर रश्श्याला उग्र वास येतो. मसाला वाढवून तो जात नाही. तेवढा भाग आधी कापून टाका. मग कण्याच्या एका बाजूने, मध्यरेषेपासून साधारण १ सेंटिमीटर सोडून, शेपटीकडून मानेकडे कापत जा. बरगड्या एकेक करून खाचेत घ्या. कात्री पूर्ण मिटू नका. टोक मिटवलं की तिथे मांस चिंबतं आणि पुढचा काप वेडावाकडा जातो. पाऊण मिटवायची, पुढे सरकवायची. मध्येच फार कडक लागलं तर तुम्ही बाहेर गेला आहात, मांडीच्या किंवा खांद्याच्या हाडावर. जोर लावू नका, कण्याकडे सरका. दुसऱ्या बाजूनेही असंच केलं की कणा पट्टीसारखा सुटतो. त्याचे चार तुकडे करा. रश्श्याची खरी चव त्यात आहे, तो टाकू नका.

कोंबडी पुस्तकासारखी उघडा. छातीच्या मधल्या हाडाच्या माथ्यावर कूर्चेला टोकाने चीर द्या आणि दोन्ही हातांनी मागे वाकवा. हाड पुढे उसळी मारून येतं, ते बोटांनी ओढून काढा आणि छातीचे दोन भाग करा. पाय ओढून मांडी आणि छाती यांच्यामधली सैल कातडी कापा (कातडी काढलेली असेल तर नुसता पडदा), मांडी उलटी वाकवा. खोबणीतून गोळा सुटल्याचं हाताला कळतं, तिथूनच कात्री घाला. मांडी आणि तंगडी यांच्यामध्ये आतल्या अंगाला चरबीची पांढरी बारीक रेष असते. सांधा तिथेच, किंवा केसभर तंगडीकडे. हाड लागलं तर दोन-तीन मिलिमीटर सरका. बरोबर जागी कात्री लोण्यासारखी जाते.

हिशोब असा: पायांचे ४, टोकं वगळून पंखांचे ४, छातीच्या दोन भागांचे प्रत्येकी ३ म्हणजे ६, कण्याचे ४. एकूण १८ तुकडे आणि एकही किरच नाही. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, पाच-सहा कोंबड्यांनंतर दहा मिनिटं.

गावरान कोंबडीला हाच क्रम, पण अपेक्षा कमी ठेवा. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबडीचं छातीचं हाड पक्कं झालेलं असतं, ते मागे वाकवून निघत नाही. तिथे हाडाला लागून सुरीने मांस सोडवा. बरगड्या कात्रीने होतात, कणा फक्त मणक्यांच्या सांध्यात. मात्र पोट उघडायला कात्रीसारखं हत्यार नाही. बोथट टोकाचं पातं आत ठेवा आणि फक्त कातडी-पडदा उचलून कापा, म्हणजे आतडं फुटत नाही. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी दिसेल; ती सोलायला जाऊ नका, भोवतीची थोडी कलेजी धरूनच कापून टाका. पित्त फुटलं तर कडूपणा सगळ्या मांसाला लागतो. पोटा, म्हणजे कोंबडीची दाणे दळणारी पिशवी, कडेने कात्रीने उघडा, आतला खडा-दाणा झटका आणि पिवळं अस्तर नखाने सोला. एका कडेला धरून ओढलं तर ते अखंड निघतं.

स्वच्छतेवर थोडं. २००६ च्या फेब्रुवारीत कोंबड्यांमधला देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला, २०२१ मध्ये पुन्हा तिथेच. दोन्ही वेळा लोकांनी चिकन खाणं सोडलं. नीट शिजलेल्या चिकनमध्ये, म्हणजे आतपर्यंत ७४ अंश तापलेल्या तुकड्यात, तो विषाणू आणि साल्मोनेलासारखे जंतू जगत नाहीत. जोखीम कच्चं मांस हाताळताना असते. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतली की थेंब ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळू बुडवून काढा. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांना टेकतं, तेव्हा बाजारातून आणलेलं चिकन तासाभराच्या आत फ्रिजमध्ये किंवा चुलीवर गेलं पाहिजे. आणि मांसाची कात्री वेगळी ठेवा. तिनेच दुधाची पिशवी कापणं हा शुद्ध आळस आहे.

काम झालं की लगेच गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश घेऊन खिळ्याची जागा घासा. मिठाच्या पाण्यात किंवा ब्लीचमध्ये भिजत ठेवू नका, पात्याला टोचे पडतात. बोअरचं जड पाणी असेल तर पुसून कोरडी करणं फार गरजेचं. खिळ्यावर एक थेंब तेल हवं, पण घरचं शेंगदाण्याचं किंवा सरकीचं नको. काही दिवसांत ते चिकट राळेसारखं होतं आणि कात्री जड चालते. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा.

धारवाल्याकडे कात्री देताना समोर उभे राहा. कात्रीच्या पात्याची आतली बाजू किंचित पोकळ असते आणि पाती एकमेकांना एकाच ठिकाणी टेकत पुढे सरकतात. धारवाल्याने सवयीने आतली बाजू चाकावर धरली की ती पोकळी जाते आणि कात्री कायमची बाद. धार फक्त बाहेरच्या उतारावर, मूळ कोनातच लावायची. दातेरी पात्याला चाक लावायचंच नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत चिकन दुकानदारांना एक विनंती. गर्दीच्या दिवसांत बारीक तुकडे करून देता येत नसतील तर निदान 'सांध्यावर चार भाग' असा पर्याय ग्राहकाला द्या: दोन पाय, दोन छात्या, कणा वेगळा. याला सत्तुराचा एकही घाव लागत नाही. आणि ग्राहकांनीही तेल-ग्रंथी काढली का, हे दुकानातच बघून घ्यावं. पाहुणे जेवायला बसल्यावर तो वास सापडला तर इलाज नसतो.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)