पहिलीचा वर्ग मागून घे

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन मध्येच कटला. 'प्रभारी मुख्याध्यापक विचारतायत, पहिली-दुसरी घेता की तिसरी-चौथी, काय सांगू?' एवढंच ऐकू आलं. नंतर मी लावून बघितला, पण तुमच्या वाडीवर रेंज नव्हती. तसंही हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. पहिली-दुसरी घे. 'द्याल ते घेतो' असंही म्हणू नकोस, मागून घे.

लोक तुला उलट सांगतील. आपल्या खात्यात रीतच तशी आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला होती तेव्हा शाळेतला नावाजलेला शिक्षक चौथीवर असायचा. निकाल तिथे दिसायचा, सत्कार तिथे व्हायचे. २०१७ साली ती परीक्षा पाचवीवर नेली, आता पुन्हा चौथीवर आणली, पण मधल्या काळातही रीत गेली नाही. पहिलीला नवखा माणूस, नाहीतर बाई. 'लहान लेकरं बाईंनीच सांभाळावीत, गुरुजींनी वरचे वर्ग बघावेत' हे मी १९९३ साली रुजू झालो तेव्हा ऐकलं आणि आजही आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ऐकतो. सांभाळण्यापुरतंच काम असतं तर मीही मान्य केलं असतं. पण पहिली हा शाळेतला सगळ्यात अवघड वर्ग आहे आणि जिथे काम अवघड तिथे शाळेचा चांगला माणूस हवा, एवढं मला कळतं. तू चांगला शिक्षक होशील याची मला खात्री आहे, म्हणूनच तुला हे सांगतोय.

तिसरीतल्या मुलाला शाळा म्हणजे काय ते कळलेलं असतं. पहिलीतल्या लेकराला कागदावरच्या वळणाला आवाज असतो हेच ठाऊक नसतं. आपण शाळेत होतो तशी मुळाक्षरं 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत रांगेनं घोकून घेऊ नकोस. डी.एड.ला तुम्हाला शिकवलंच असेल, तरी वर्गात उभा राहिलास की जीभ जुन्या वळणावर जाते. चार-पाच अक्षरं आणि एक काना घे, लगेच त्यांचे शब्द करू दे. म, र, ग, न आणि काना एवढ्यावर मगर होते, नगर होतं, मान होते, गार होतं. ज्या दिवशी लेकरू स्वतः अक्षरं जोडून एक शब्द काढतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघ. पाठ केलेलं पान धडाधडा म्हणणाऱ्या मुलाच्या बोटाखाली भलताच शब्द असतो, हे तपासायला साधी युक्ती आहे: पानाच्या मधल्या शब्दावर बोट ठेव आणि तेवढाच विचार.

पहिला महिनाभर लिहायला लावू नकोस. खडूनं फरशीवर रेघा, गोल, पाऊस, डोंगर काढू दे. बोटांत बळ आलं की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. गोष्ट रोज सांग, एकही दिवस चुकवू नकोस आणि गोष्टीचं पुस्तक हातात धरूनच सांग. घरात छापलेला कागद नसलेल्या लेकराला गोष्ट त्या पानातून येते हे डोळ्यांनी दिसायला हवं.

गणितात घाई केलीस तर पुढे चौथीपर्यंत भोगावी लागते. चिंचोके घे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घे. तुझ्याकडे काड्यांना तोटा नाही. पुढे दुसरीत 'त्रेपन्न' सांगितलं की निम्मी लेकरं ३५ लिहितात, कारण कानावर तीन आधी पडतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांनी दुसरीचा वर्ग घेतलेला नव्हता. मी ती पद्धत तेव्हाही वापरली, आजही वापरतो. 'पन्नास आणि तीन' असं आठवडाभर म्हटलं, पाच गठ्ठे आणि तीन काड्या हातात धरल्या, की मग 'त्रेपन्न' म्हणताना लेकरू अडत नाही.

दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसणार, त्याची भीती बाळगू नकोस. सकाळची गोष्ट आणि गाणी दोघांची एकत्र घे. मग दुसरीला जोड्या करून वाचायला बसव, तोवर तू पहिलीजवळ खाली बस. खुर्चीत बसून पहिली शिकवता येत नाही. पोषण आहाराची माहिती ॲपवर भरायची, चवीची नोंद करायची, कुठली ना कुठली लिंक केंद्रप्रमुख पाठवणार, हे सगळं मधल्या सुट्टीत किंवा पाचनंतर कर. वर्गाच्या वेळेत मोबाईल कपाटात ठेव. मेसेजला अर्धा तास उशीर झाला तर कुणी नोकरीवरून काढत नाही. पण वाचायला लागलेल्या लेकराला अर्धवट सोडून तू स्क्रीनकडे वळलास की ते पुन्हा त्या शब्दाकडे येत नाही. आणि आहार शिजला की आधी तू खाऊन बघायचा, तो नियम आहे म्हणून नव्हे, त्यातल्या कित्येकांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण तेच असतं म्हणून.

आता मुख्य कारण सांगतो.

तू म्हणालास, पटावरची बहुतेक मुलं कातकरी वाडीतली आहेत आणि दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. म्हणजे रायगड आणि आपलं बीड यांत मला काही फरक दिसत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघते आणि लेकरं सोबत जातात. ती परततात मार्च-एप्रिलला. पहिलीतल्या लेकराला जूनपासून दिवाळीपर्यंत जेमतेम साडेचार महिने मिळतात. त्यातही तुझ्याकडे जुलैत भाताची लावणी, ओढ्यांना पूर. आपल्याकडे पाऊस येत नाही म्हणून माणसं जातात, तुझ्याकडे पाऊस कोसळतो तरी जातात.

तिसरी-चौथीच्या शिक्षकाकडे हे लेकरू पोचतं तेव्हा दोन-तीन हंगाम बुडालेले असतात. ते मागच्या भिंतीला टेकून बसतं आणि सगळे म्हणतात, याला काही येत नाही. त्यातली बरीच चौथीनंतर शाळेत दिसतच नाहीत. म्हणून मी मनाशी धरून चाललोय की जाणाऱ्या लेकराच्या वाट्याला शाळा म्हणून जे यायचं ते पहिली-दुसरीत आलं पाहिजे.

एक मुलगी सांगतो. दुसरीतून आई-बापासोबत कारखान्याला गेली होती. जाण्याआधी तिला जोडाक्षरं येत नव्हती, पण शंभरपर्यंतचे आकडे आणि साधे शब्द पक्के होते. एप्रिलमध्ये परतल्यावर तिचा बाप शाळेत आला. वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणल्या होत्या. म्हणाला, 'गुरुजी, हिनं रोज पावती वाचून तारीख अन् टन वहीत लिहून ठेवले. मुकादमाचा हिशेब अन् हिचा हिशेब जमंना, तव्हा मी वही पुढं केली.' मुकादमाला दोन खेपा मान्य कराव्या लागल्या. त्या माणसानं त्याआधी कधी शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं मुलीला आजीजवळ ठेवली, हंगामी वसतिगृहात तिचं जेवण लागलं आणि ती सलग शिकली.

भट्टीवर काय होतं ते तू तिथे चार घरी बसून विचार. हजार विटांमागे मजुरी ठरते, आठवड्याची खर्ची मिळते, आणि किती विटा पाडल्या, खर्ची किती उचलली ते मालकाच्या वहीत. पावसाळ्यात हिशेब होतो तेव्हा मजुराच्याच अंगावर मालकाचं देणं निघालेलं असतं. घरात एक जण जरी आकडे लिहू-वाचू शकला तरी त्या वहीसमोर दुसरी वही उभी राहते. त्याला दहावी लागत नाही. नीट शिकवलेली दुसरी पुरते.

तेव्हा जूनमध्येच यादी कर, कुठलं घर जाणार, कुठे जाणार, मागे आजी-आजोबा कोण आहेत. मागे ठेवता येण्यासारखं लेकरू असेल तर हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लवकर लाव, दिवाळी तोंडावर आल्यावर काही होत नाही. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात दे, बापाच्या खिशात ते राहत नाही. त्या कार्डावर भट्टीजवळच्या शाळेनं लेकराला बसवून घ्यायचं असतं, हे त्यांना समजावून सांग आणि त्या शाळेच्या गुरुजींना स्वतः फोन कर. मी सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शाळांना असे फोन केले. नाही म्हणणारे फार थोडे भेटले.

आणखी एक. ही लेकरं घरी कातकरी बोलतात. मला बंजारा तांड्यावरच्या शाळेत त्यांची गोरमाटी बोली शिकायला वर्ष लागलं, तुझं वय लहान आहे, दिवाळीपर्यंत शिकशील. सुरुवातीला ती त्यांच्या बोलीत बोलली तर थांबवू नकोस, उत्तर दे. जे लेकरू जूनभर तोंड उघडत नाही ते मंद असतं असं नाही, त्याला तुझं बोलणंच कळलेलं नसतं. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तर दोघांना आत घे. घरी पाठवलंस तर धाकटा घरी राहतो आणि तीही राहते. डुलकी लागली तर झोपू दे, रात्री कुठे आणि किती वाजता झोपलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. हात कधीही उगारू नकोस. कायद्यानं बंदी आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपयांच्या मानधनात तीन वर्षं काढायची आहेत, ते मला कळतं. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, वरून पालीच्या बाजारातले भाव. दर महिन्याला घरी पाठवायची धडपड करू नकोस. आमचं भागतं. पाठवायचेच असतील तर त्यातून शाळेत लावायला एक चांगला फळा घे, तुझ्या वर्गातल्या फळ्याचा रंग उडालाय म्हणालास.

इकडचं ठीक आहे. २०२५च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची झाली, तेव्हापासून आमच्या केंद्रातले निम्मे शिक्षक तिची पुस्तकं घेऊन बसलेत. मी २०२९ला निवृत्त होतोय, निकालावेळी पाच वर्षांहून कमी नोकरी उरली होती, त्यामुळे मला लागू नाही, पण संध्याकाळी त्यांना गणित शिकवायला जातो. तुझ्या जुन्या वह्या त्यांना दिल्या आहेत. आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, पुण्यापर्यंत कुणी निघालं की पाठवतो.

प्रभारी मुख्याध्यापकांशी बोलताना वाद घालू नकोस. ते वयानं मोठे आहेत आणि इतकी वर्षं एकट्यानं चार वर्ग ओढलेत. 'सर, पहिली-दुसरी मी घेतो, तुम्ही मला अधूनमधून बघायला या' एवढंच म्हण. नाही म्हणतील असं मला वाटत नाही. पहिल्या आठवड्यात कितीजण आली आणि कुणाचं घर अजून बघायचं राहिलंय ते मला कळव.

तुझा,
अण्णा