मधुमेहींचा व्यायाम आणि स्मरणशक्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहींना व्यायामाचा सल्ला देताना आपल्याकडे वजन आणि साखर यांपलीकडे फारसे बोलले जात नाही. वास्तविक टाइप-२ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो आणि विचारांचा वेग, एकाग्रता, स्मरण यांवर त्याच्या कितीतरी आधीपासून परिणाम होऊ लागतो. माझ्या सासऱ्यांनी किराणा दुकानाचा हिशेब आयुष्यभर तोंडी केला; आज सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना गोळ्यांचे पाकीट पाहून ठरवावे लागते. असा विसराळूपणा बहुतेक घरांत वयावर ढकलला जातो.

या संदर्भात अमेरिकेतील ‘लाइफ’ चाचणी लक्षात घेण्याजोगी आहे. ७० ते ८९ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ व्यक्तींपैकी निम्म्यांना चालणे, स्नायूंची ताकद वाढवणे व तोल सांभाळणे असे व्यायाम नेमून दिले होते, तर उरलेल्यांना प्रामुख्याने आरोग्यविषयक व्याख्याने. दोन वर्षांनंतर सर्वांचा एकत्रित विचार करता बौद्धिक क्षमतेत फरक आढळला नाही; मात्र त्यांतील चारशेहून अधिक मधुमेहींचे निष्कर्ष वेगळे काढले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची स्मरणशक्ती व एकूण आकलन तुलनेने चांगले असल्याचे दिसले. सगळेच अभ्यास इतके आशादायक नाहीत. स्थूल मधुमेहींवरील ‘लुक अहेड’ या दीर्घ चाचणीत आहार व व्यायामामुळे बौद्धिक ऱ्हास कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. त्यामुळे व्यायाम म्हणजे स्मृतिभ्रंशावरील हमखास उपाय, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्यांना धोका अधिक, त्यांनाच लाभ होण्याची शक्यता असेल, तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही रक्तातील साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरची शतपावलीसुद्धा वाया जात नाही.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून काळजी वाटते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन अनेक ज्येष्ठ पहाटे उपाशीपोटी तासभर चालतात. साखर एकदम उतरली, तर भोवळ येऊन पडण्याचा धोका असतोच, शिवाय साखर वारंवार तीव्र स्वरूपात उतरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही अधिक आढळले आहे. व्यायामाची वेळ, न्याहारी आणि औषध यांची सांगड डॉक्टरांनीच घालून द्यावी आणि खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवण्यास बजावून सांगावे.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त गावोगावी होणाऱ्या शिबिरांत बोटाला सुई टोचून साखर तपासली जाते, क्वचित पाय व डोळेही पाहिले जातात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ६५ वर्षांवरील मधुमेहींची बौद्धिक क्षमता दरवर्षी तपासण्याची शिफारस केली आहे. काही मिनिटांत होणारी ही प्राथमिक चाचणी शिबिरांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुरू करावी आणि तिच्यासोबत रुग्णाला झेपेल असा व्यायाम लिहून द्यावा, ही आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपली,
एक वाचक, मिरज