आत्या, भुतालासुद्धा नियम असतात

डेन्व्हर, जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

फोनवर तू ‘जेवलीस काय’ आणि ‘थंडी किती’ याच्यापुढे मला जाऊच देत नाहीस, म्हणून पत्र. गेले दोन महिने मी भुताखेतांची पुस्तकं वाचत सुटलेय आणि इथे सांगायला कोणी नाही. ऑफिसात विषय काढला की लोक ‘ओ नाइस’ म्हणतात आणि कॉफी आणायला जातात.

आधी रक्तपिपासू. नाक मुरडू नकोस, हा किल्ल्यात राहणारा गोरा सरदार नव्हे. स्टीफन ग्रॅहम जोन्स म्हणून लेखक आहेत, स्वतः ब्लॅकफीट या इथल्या मूळ आदिवासी जमातीचे, इथून पाऊण तासावरच्या बोल्डरच्या विद्यापीठात शिकवतात. त्यांची ‘द बफेलो हंटर हंटर’ २०२५ साली आली. १९१२ साल, मोंटानातलं एक चर्च, म्हातारा लुथरन पाद्री. प्रार्थनेला एक ब्लॅकफीट माणूस येऊन बसायला लागतो, डोळ्यांवर गडद चष्मा. नाव गुड स्टॅब. मग आपली कहाणी तो पाद्र्याला सांगतो, एका बैठकीत नाही, थोडी थोडी. पाद्री ती वहीत उतरवत राहतो, आणि उतरवता उतरवता त्याच्याच पायाखालची जमीन सरकायला लागते.

आता नियम ऐक. तू म्हणायचीस ना, ‘भुताक पण नियम आसतत गो’? मुंजा पिंपळ सोडत नाही, हडळीची पावलं उलटी, गिऱ्ह्याचा जोर पाण्यातच. तसं या गुड स्टॅबचं: ज्याचं रक्त पिईल तसा तो होत जातो. जनावरांवर भागवावं तर अंगात जनावर उतरायला लागतं, डोक्याला शिंगं फुटतात. गोऱ्यांचं प्यावं तर तोंडावर दाढी येते. ब्लॅकफीट राहायचं असेल तर प्यायचं कोणाचं? आपल्याच माणसांचं. त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि उठून चहा ठेवला. दूध उतू गेलं ते कळलंही नाही.

याच्या मुळाशी खरी घडलेली गोष्ट आहे, याच महिन्यातली. २३ जानेवारी १८७० ला पहाटेच्या कडाक्यात अमेरिकी सैन्याने मारायस नदीकाठच्या ब्लॅकफीट छावणीवर गोळीबार केला. आत देवीची साथ, धडधाकट पुरुष शिकारीला गेलेले. दीडशेच्या वर माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. आणि सैन्य शोधत होतं दुसऱ्याच टोळीला! पुढे कातड्यासाठी गव्यांचे कळपच्या कळप मारून मांस सडत टाकणारे शिकारी आले. गुड स्टॅब त्यांना तसंच सोलून ठेवतो. वाचताना त्याची भीती वाटते आणि त्याचीच बाजूही घ्यावीशी वाटते. आजच्या काळातली, पाद्र्याच्या वंशातली एक बाई आहे, तिचा शेवटचा भाग मात्र मला लांबल्यासारखा वाटला. आपल्या नारायण धारपांनी तो चार पानांत उरकला असता.

दुसरं पुस्तक अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेझचं, मूळ स्पॅनिश, २०१९ चं. इंग्रजीत ‘अवर शेअर ऑफ नाइट’. इतकं जाड की झोपून वाचताना छातीवर ठेवलं तर श्वास अडतो. तिथला काळ लष्करी राजवटीचा, माणसं रातोरात गायब होण्याचा. एका श्रीमंत पंथाने हुआन नावाच्या माणसाला ‘झाड’ म्हणून, म्हणजे अंगात येणारं माध्यम म्हणून, पाळलेला. त्याच्या अंगातून अंधार येतो आणि समोर बसलेल्यांची बोटं, हात खाऊन जातो. हुआनचं काळीज जन्मापासून दुबळं. त्याची एकच धडपड, आपल्या पोराच्या वाट्याला हे येऊ नये. त्यापायी तो पोराला जे करतो ते लिहीत नाही, भेटीत सांगेन. पण एक घर आहे त्यात. बाहेरून बंद पडलेलं, छोटंसं. मुलं आत शिरतात तर आत ते संपतच नाही, आणि फळ्यांवर नीट मांडून ठेवलेली नखं आणि दात. अडेला नावाची एक हात नसलेली पोरगी दार उघडून पलीकडे जाते. परत येत नाही. बस्, एवढंच. किंचाळी नाही, रक्त नाही. मी तीन रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवला. हसू नकोस.

‘मेक्सिकन गॉथिक’ पण वाचलं, सिल्विया मोरेनो-गार्सियाचं. इंग्रज खाणमालकाचा वाडा, भिंतीत बुरशी. सुरुवात रेंगाळते, पण पुढे त्या बुरशीने जे करून ठेवलंय, पावसाळ्यात आपल्या माजघराच्या भिंतीकडे मी पुन्हा साध्या नजरेने बघेन असं वाटत नाही.

‘तुंबाड’ सिनेमातला हस्तर तुला का आवडला होता ते आता कळलं. सोनं हवं तेवढं, पण धान्याचा कण नाही, म्हणून पिठाची बाहुली. नियम चोख.

मे महिन्यात येतेय. पुस्तकं आणते, पण इंग्रजी वाचायचा तुला कंटाळा, तेव्हा लाइट गेली की ओट्यावर बसून मीच सांगेन. माझ्यासाठी कोकम आगळ काढून ठेव. आणि खालच्या विहिरीवर बाबांनी पंप बसवला म्हणे. गिऱ्ह्याला कोणी विचारलं का?

तुझी,
चिमी