पिल्लाला जुलाब लागले की लगेच फूड बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्यांबद्दल पेपरात बातमी येते ती बहुतेक चावण्याची, नाहीतर सोसायटीतल्या भांडणाची. घरात नवीन आणलेल्या पिल्लाचं पोट बिघडलं तर काय करायचं, त्याला खायला काय द्यायचं यावर कोणी लिहीत नाही आणि पिल्लं दगावतात ती नेमकी याच काळात, म्हणून हे पत्र लिहितेय. आम्ही काही जणी साताऱ्यात बेवारस पिल्लं सांभाळून त्यांना घरं शोधून देतो, त्यामुळे पातळ शी, उलटी, फुगलेलं पोट हे आमचं रोजचंच झालंय. पिल्लू नवीन घरी गेलं की पहिला फोन येतो तो हाच, ताई जुलाब लागलेत, कुठलं फूड आणू?

फूड कुठलं हे नंतर बघू, आधी शी तपासून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते आणि तेच इथे जरा सविस्तर सांगायचंय.

होतं काय की लोक पिल्लाला घेऊन डॉक्टरकडे जायच्या आधी पेट शॉपमध्ये जातात. दुकानदार म्हणतो हे फूड सूट होत नसेल, हे दुसरं घेऊन जा. दोन दिवसांनी शी तशीच, मग तिसरं, मग कोणीतरी सांगतं की घरचं द्या म्हणून दूधभात सुरू. आता पिल्लाच्या आतड्याला नवीन अन्नाची सवय व्हायला आठवडाभर तरी लागतो, तिथले पाचक रस आणि तिथले जिवाणू दोन्ही जुन्या अन्नाला जुळलेले असतात, त्यामुळे फूड एकदम बदललं की तेवढ्यानेच जुलाब होऊ शकतात. म्हणजे मूळ कारण राहिलं बाजूला आणि त्यावर हे नवीन कारण येऊन बसलं. आमच्या ओळखीतल्या एका घरी बीगलचं पिल्लू असंच फूड बदलून बदलून हाडाचा सापळा झालं होतं, शेवटी शी तपासली तेव्हा जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी निघाला, औषध झालं आणि पहिल्या दिवशी आणलेलंच फूड त्याला नंतर व्यवस्थित पचलं.

लहान पिल्लाच्या जुलाबाची कारणं बहुतेक वेळा फूडच्या पाकिटात नसतातच. गोल जंत तर पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात येतात, हुकवर्म, म्हणजे आकड्यासारखे जंत, आईच्या दुधातून येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजनानुसार द्यायचं असतं. शी मध्ये जंत दिसत नाहीत म्हणजे ते नाहीत असं नाही, अंडी फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतात. आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, कॉक्सिडिया नावाचा जो एकपेशीय जीव आहे तो नेहमीच्या जंताच्या औषधाने जात नाही, त्याला वेगळं औषध लागतं. जिथे खूप पिल्लं एकत्र कोंबून ठेवलेली असतात तिथून आलेल्या पिल्लात हा आणि जिआर्डिया दोन्ही फार सापडतात. त्यामुळे "जंताचं औषध तर दिलंय" एवढ्यावर थांबू नका. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन जा, आणि जिआर्डिया प्रत्येक वेळच्या शी मध्ये सापडेलच असं नसतं म्हणून डॉक्टर म्हणाले तर वेगवेगळ्या दिवशीची दोनतीनदा तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, आमच्या भागात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं आहे, अशा ठिकाणी चौकशी करा.

आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, खात नाहीये, शी मध्ये रक्त आहे आणि तिला विचित्र घाण वास आहे असं असेल तर फूडचा विचारच नको, त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला डॉक्टर गाठा. तो पार्व्हो नावाच्या व्हायरसचा आजार असू शकतो. पार्व्होत पिल्लू दोनतीन दिवसात दगावू शकतं, सलाइन वेळेत लागलं तर वाचू शकतं. हा व्हायरस मातीत कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसावं लागतं, म्हणून त्या जागी लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नका. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीनचार आठवड्यांनी सोळा आठवडे होईपर्यंत चालू ठेवावी लागते, एक इंजेक्शन दिलं की झालं असं नसतं. आणि माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या मेडिकलमधून आणून मनाने देऊ नका, कृपा करून.

आता वय. २०१७ च्या केंद्राच्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, पण तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात कारण तेवढी लहान असताना ती जास्त गोंडस दिसतात आणि लगेच जातात. त्या वयात पिल्लू अजून आईचं दूध पीत असतं, ते एकदम तुटतं आणि नवीन घरी त्याच्यापुढे येतं गाईचं नाहीतर म्हशीचं दूध. कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुप्पट आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र कमी असतं, गाईच्या दुधात ते साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. त्यात दूध सुटायच्या वयात लॅक्टोज पचवायची ताकदही कमी होत जाते. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, तिथे आंबतं, गॅस होतो आणि पातळ शी. गावाकडची कुत्री दूधभाकरीवर वाढली हे मला कोणीतरी प्रत्येक वेळी सांगतं, आणि काहींना दूध पचतं हे खरंच आहे, पण जी वाढली तीच आपल्याला दिसली, जी गेली ती कोणी मोजली नाहीत. तेव्हा ज्या पिल्लाला जुलाब चालू आहेत त्याचं दूध आधी बंद करा, दुधात भिजवलेली बिस्किटं बंद करा, सेरेलॅकसुद्धा बंद करा, ते माणसाच्या बाळासाठी बनवलेलं आहे आणि त्यातही दूध पावडर असते. खूपच लहान पिल्लू असेल तर पिल्लांसाठीची वेगळी मिल्क पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून.

पिल्लू खेळतंय, पाणी पितंय, उलटी नाही, फक्त शी सैल आहे, अशा वेळी दोनतीन दिवस मऊ भात आणि उकडलेलं चिकन द्यायला हरकत नाही, चिकन बिनहाडाचं, कातडी काढलेलं, मीठ-मसाला काहीही नाही. त्यात उकडलेला लाल भोपळा चमचाभर घातला तर बरं. पण आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन घालायचं नाही. आपल्या वाटणात कांदा-लसूण असतोच आणि कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, मनुका-द्राक्षं किडनीला वाईट. पिल्लाला दिवसभर उपाशीही ठेवू नका, पॉमेरेनियन, शिह त्झू अशा छोट्या जातींच्या पिल्लांची साखर उपाशीपोटी एकदम खाली येते, थरथर सुटते. आणि भात-चिकन बरं वाटलं म्हणून तेच महिनोन्महिने चालू ठेवू नका, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, वाढत्या पिल्लाची हाडं त्याने ठिसूळ होतात. उलट बाजूने लॅब्रॅडोर (लॅब) किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगल्या पपी फूडवर वरून कॅल्शियमचं टॉनिकही पाजू नका, लहान पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, तेही हाडांनाच भोवतं.

एवढं सगळं बघून झालं, शी तपासली, औषध झालं, मग फूड. पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे चित्र असतं, मोठ्या अक्षरात नॅचरल, प्रीमियम वगैरे लिहिलेलं असतं त्याने काही कळत नाही. पाकीट उलटं करा. ते 'कम्प्लीट' फूड आहे की 'कॉम्प्लिमेंटरी' हे बघा, दुसरं असेल तर ते नुसतं वरून घालायचं असतं. 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' असं लिहिलेलं हवं, नुसतं 'अॅडल्ट' असेल तर पिल्लाला नको. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषाप्रमाणे वाढत्या पिल्लाच्या फूडमध्ये पाण्याचा भाग वगळून किमान २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं. पाण्याचा भाग वगळून हे महत्त्वाचं, कारण ओल्या पाउचवर प्रोटीन ८ टक्के वाचून लोक नाक मुरडतात, पण त्यात ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० मध्ये ८ म्हणजे ४० टक्के झालं, आणि कोरड्या फूडवर २४ लिहिलंय, पाणी १० टक्के, तर ते २७ च्या आत. पोट नाजूक असलेल्या पिल्लासाठी फॅट फार जास्त नको, निकषापेक्षा फार वरचं फॅट बघून भुलू नका. घटकांच्या यादीत पहिल्या एकदोन नावांत कुठलं मांस आहे ते स्पष्ट लिहिलेलं असावं, नुसतं मीट नाही. जुलाब पुन्हा पुन्हा येत असतील तर पिल्लांसाठीचं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल फूड मिळतं, सहज पचणारं, ते महाग आहे पण काही आठवड्यांपुरतं लागतं, आणि ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

ग्रेन-फ्रीचं, म्हणजे धान्य नसलेल्या फूडचं, सध्या फार चाललंय. गहू-तांदूळ कुत्र्याला विष असल्यासारखं लोक बोलतात. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की कुत्रा माणसाजवळ राहता राहता स्टार्च पचवायला शिकला, लांडग्यापेक्षा त्याच्यात त्यासाठीच्या जीनच्या प्रती जास्त आहेत. शिजलेला भात त्याला पचतो. आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने वाटाणा-मसूर-बटाटा जास्त असलेल्या फूडचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का याचा तपास सुरू केल्याचं जाहीर केलं होतं, तो संबंध पक्का सिद्ध झाला नाही, पण मग वाढत्या पिल्लाला ते द्यायची घाई तरी कशाला. अॅलर्जी असतेही, पण ती बहुतेक बीफ, दूध, चिकन, गहू यांची असते आणि ती ओळखायची तर एकच वेगळं प्रोटीन निदान आठ आठवडे द्यावं लागतं, त्यात मधे एक बिस्किटसुद्धा नाही. दोन दिवसात चिकन सोडून मटणावर आणि तिसऱ्या दिवशी माशावर गेलात तर कशाचाच पत्ता लागणार नाही.

फूड ठरलं की ते एकदम सुरू करायचं नाही. पहिले दोन दिवस जुन्यात पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवस. पोट फारच नाजूक असेल तर दोन आठवडे घ्या. आणि किती द्यायचं ते किचनच्या वजनकाट्यावर मोजा. आमच्याकडे येणाऱ्या सैल शी च्या तक्रारींत कितीतरी वेळा जंतही नसतात, फूडही चांगलं असतं, फक्त आजी, आई आणि दादा असे तिघं जण वेगवेगळे प्रेमाने खाऊ घालत असतात आणि एकमेकांना सांगत नाहीत. दिवसाचं मोजून सकाळीच डब्यात काढून ठेवा, त्याचे तीनचार भाग करा. खूप भूक, भरपूर खातंय तरी वाळतंय, शी ढीगभर आणि फिकट अशी असेल तर, विशेषतः जर्मन शेफर्ड असेल तर, स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या, त्यावर एन्झाइमची पावडर असते आणि कुत्रं चांगलं जगतं.

शेवटी जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. वीस किलोची गोणी फोडून त्यातलं फूड साध्या पिशवीत किलो-अर्धा किलो भरून विकायची पद्धत सगळीकडे आहे. घेणाऱ्याची गरज मला कळते, अख्खी गोणी परवडत नाही आणि एका छोट्या पिल्लाला ती संपतही नाही. पण त्या पिशवीवर कंपनी नाही, घटक नाहीत, बनवल्याची तारीख नाही, पपी की अॅडल्ट तेही दुकानदार तोंडी सांगेल ते. आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्या गोणीतलं फॅट खवट होतं, बुरशी धरते, आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष डोळ्याला दिसत नाही, लिव्हरला लागतं. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यातून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे, त्यामुळे तक्रार घेऊन अन्न-औषध प्रशासनाकडे गेलं तर ते त्यांच्या कक्षेतच येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं पेट फूडचं मानक आहे, आयएस ११९६८, ते किती दुकानदारांना ठाऊक असेल? २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी तपासायला जे अधिकारी जातील त्यांनी सुटं फूड आणि आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं या दोन गोष्टी तिथल्या तिथे बघाव्यात, अशी माझी पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे. कंपन्यांनीही पाचशे ग्रॅम, एक किलोची लेबल लावलेली पाकिटं तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचवावीत, आणि तोपर्यंत दुकानदारांनी निदान गोणीवरच्या लेबलचा फोटो आणि गोणी फोडल्याची तारीख त्या पिशवीसोबत द्यावी, त्याला एक पैसा खर्च नाही.

आणि आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा पशुवैद्यकीय डॉक्टरांचं प्रश्नोत्तराचं सदर सुरू करता आलं तर बघावं. शहरात लोक विचारू शकतात, पण वाई, कोरेगाव, म्हसवडच्या पुढच्या गावांत आता घरोघरी लॅब आणि पॉम आलेत आणि तिथे विचारायला जवळ कोणी नाही.

आपली एक वाचक,
सातारा