नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मोडीचं पुडकं

वाई

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, एप्रिल लागला की मृग लागेपर्यंतचे दिवस नुसते ढकलायचे असतात. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला इतकं सलग बोलता येत नाही आणि दुपारी फार बोललं की तुलाही थकवा येतो.

आधी एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. कुणी "ऊन काय आम्हाला लागत नाही का" म्हणून सुनावलं, तर खुशाल हे पान पुढे कर. एमएसमध्ये, म्हणजे तुझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, नसांवरचं मायलिनचं आवरण जागोजागी झिजलेलं असतं. अशा नसेतून संदेश जेमतेम पुढे सरकतो आणि अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी तो अडतो. मग डोळ्यांपुढे धूसर होतं, बोटं बधिर पडतात, पाय ओढत चालावं लागतं. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. पुढे कित्येक वर्षं डॉक्टर रोग ओळखण्यासाठी माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून काय होतं ते बघत. नागपूरचा मे महिना तुला रोज तेच करतो. हा नाजूकपणा नाही आणि आळस तर मुळीच नाही. अंग गार झालं की बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. फक्त गार होऊनही त्रास दिवसभरात उतरला नाही, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन कर.

आता पुडक्याबद्दल. कुरियरने पाठवलं आहे. त्यात तुझ्या पणजोबांच्या कागदांच्या झेरॉक्स आहेत, सगळ्या मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या जलद लिपीत. मूळ कागद इथेच ठेवलेत. त्यांची धूळ आणि वास बंद खोलीत तुला सोसणार नाही. सोबत एक मुळाक्षरांचा तक्ता, तिरक्या टोकाची दोन पेनं आणि एक दगडी पाटी आहे. पाटी बघून नवल वाटेल, पण कूलरच्या दमट हवेत कागद मऊ पडतो, शाई पसरते आणि झोताने पान उडतं. पाटीला यातलं काहीच होत नाही.

मोडीच का, ते सांगतो. आई म्हणत होती गोधडी शिवायला घेऊ दे. मी नको म्हटलं. शिवताना अर्धी गोधडी मांडीवरच असते आणि तीच अंग तापवते. लोकरीचंही तसंच. सुती दोऱ्याचं क्रोशे चालेल, हवं तर तेही कर. चित्रकलेचा विचार तुझा होता, पण टर्पेंटाइनचा वास त्या खोलीत कोंडून राहील. माझ्या मते तुझ्या उन्हाळ्याचं काम असं हवं, जे मध्येच टाकून तू आडवी झालीस तरी बिघडणार नाही आणि चार दिवसांनी परतलीस तरी सोडलं तिथूनच धरता येईल. मोडीचा कागद शंभर-दीडशे वर्षं थांबलाय, तुझ्यासाठी आणखी आठवडाभर थांबेल. शिवाय यात हात, डोळे आणि डोकं तिन्ही लागतात, पण एकाच वेळी तिन्ही लागतीलच असं नाही. बोटं साथ देत नसतील त्या दिवशी नुसतं वाचावं. डोळे साथ देत नसतील तर आदल्या दिवशी वाचलेली ओळ मनाशी घोळवावी किंवा मला फोन करावा, मी अक्षर कसं वळतं ते तोंडी सांगतो.

सुरुवात लिहिण्यापासून कर, वाचायची घाई नको. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला टांगत जातो, शक्यतो हात न उचलता. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शाळेत शुद्धलेखनाचे गुण गेले म्हणून तू रडायचीस, इथे ती भीतीच नाही. पहिल्या आठवड्यात डोकं चक्रावेल. मग एके दिवशी "बिन" दिसेल, म्हणजे अमक्याचा मुलगा. "मौजे" दिसेल, त्याच्यापुढे गावाचं नाव असणारच. अशा दोन-चार खुंट्या हाती लागल्या की ओळ उलगडायला लागते.

मला सगळ्यात गोडी आहे ती तारखांची. जुन्या कागदांत साल अरबी शब्दांत लिहितात. "सबा मयातैन व अलफ" म्हणजे सात, दोनशे आणि एक हजार, म्हणजे सुहूर सन १२०७. सुहूर ही जुन्या कारभारातली वर्षगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८०६, आणि तारीख जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००, म्हणजे १८०७. हे असं दोन सालांत का पडतं? तर सुहूर सनाचं नवं वर्ष सूर्य मृग नक्षत्रात आला की सुरू होई, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतीचा वसूल पावसावर, तेव्हा वर्षही पावसापासून मोजायचं. तू ज्या मृगाची वाट बघतेस, त्याच दिवशी कारकुनाची नवी वही उघडत असे. मला हे फार आवडतं.

तुम्ही नागपुरात आहात, तिथे तर भोसल्यांचा कारभार मोडीत चालला. सरकारच्या पुराभिलेख खात्याचं कार्यालयही नागपुरात आहे आणि ते खातं मोडीचे वर्ग घेतं. हिवाळ्यात एखादा वर्ग लागला तर अनिरुद्धला घेऊन जा, उन्हाळ्यात मात्र तिकडे पाऊल टाकू नकोस. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची सगळीकडे शोधाशोध झाली. पण हे तू कमवायला लाग म्हणून सांगत नाही. घरात बसून केलेलं काम पैसे आणतं का, हा प्रश्न तुला कुणी विचारलेला मला चालणार नाही.

आता थोडं वेळेचं. बसण्याआधी ओला नॅपकिन मानेवर ठेव, पाय गार पाण्यात सोड आणि अंग गार झालं की मग पाटी घे. एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ. आणखी एक ओळ झेपेल असं वाटत असतानाच उठ. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवतेस ना? बाहेर जायला वाट नसेल तर हवा नुसती दमट होत जाते. नवतपाचे नऊ दिवस, म्हणजे २५ मेपासून, काहीच झालं नाही तरी चालेल. त्या दिवसांत वाळ्याचं पाणी पी आणि पडून राहा. जूनमध्ये ढग आले की कूलर काम देत नाही, तेव्हा खोलीतला एसी लाव आणि बिलाचा विचार करू नकोस. ते मी अनिरुद्धशी बोललोय. लाईट गेले तर वाचन बंद, एवढा एक नियम पाळ.

डोळे फार थकले तर आईने कापसाची पुडीही घातली आहे. वाती वळायला बघावं लागत नाही. गौरीच्या सणाला लागतील तेवढ्या इथे पाठव, आई वाट बघेल.

पुडक्यातला सगळ्यात वरचा कागद सोपा आहे, अक्षर सुबक आहे. जमिनीच्या वाटणीचा आहे, पणजोबांच्या आजोबांच्या वेळचा. दुसऱ्या ओळीत "मौजे"च्या पुढे आपल्या मूळ गावाचं नाव आहे. घरात आजवर आपण जे नाव सांगत आलो, ते हे नव्हे. मी वाचलंय, पण सांगणार नाही. तू वाच आणि पाटीवर लिहून फोटो पाठव.

तुझे,
बाबा